पूजेतला पाना

माझी गाडी रस्त्यावर आली की सांगलीतले लोक थांबून बघतात. पोरं भोंग्याचा रबरी फुगा दाबून पळतात. एखादे निवृत्त गृहस्थ जवळ येतात, मडगार्डवरून हात फिरवतात आणि विचारतात, "सगळं तुम्हीच केलंत का हो?" मी म्हणतो, "नाही, औंधच्या एका मिस्त्रींनी." एवढं साधं वाक्य बोलायला मला पाच वर्षं लागली. ज्या दिवशी ते बोलायला हवं होतं त्या दिवशी मी तोंड उघडलं होतं खरं, पण भलतंच बोलायला.

नव्वदीच्या सुरुवातीला मी साताऱ्यात एका कॉलेजात शिकवत होतो. नट किती आवळावा, लोखंड किती ताण सोसतं, हे फळ्यावर सूत्रं मांडून सांगण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. घरात नळाचा वायसर बदलायचा झाला तर मात्र बायको शेजाऱ्यांना हाक मारायची. अशा माणसाला जुन्या गाडीचं वेड लागावं हा विनोदच. वडूजला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो. मांडवामागच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांआडून दोन गोल दिवे माझ्याकडे बघत होते. स्वातंत्र्याच्या आधीची विलायती गाडी, कोणे एके काळी तिथल्या डॉक्टरांची. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी पंगत सोडून तिथंच उभा राहिलो. सरांना नवरीपेक्षा गाडीच पसंत पडली म्हणून यजमान हसले, आणि पुढे ती ट्रॉलीवर चढवून देतानाही हसतच होते.

गाडी जिवंत करायची तर औंधला न्या, असं वडूजमध्ये ज्याला विचारलं तो म्हणाला. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली होती, आणि आता रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते ट्रॅक्टर आणि विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत. शेडला दार होतं, कडी होती, कुलूप नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "हत्यार चोरून न्हेनारा मानूस दुसऱ्या दिशी मलाच इचारायला येतोय, मिस्त्री, हे चालवायचं कसं म्हून. मग कुलूप कशाला?"

दोन वर्षं दर रविवारी मी साताऱ्याहून स्कूटरवर रहिमतपूरमार्गे औंधला जात होतो. काम ते करत, मी पुसापुशी करायचो आणि प्रश्न विचारायचो. जे भाग कुठेच मिळत नव्हते ते त्यांनी घडवले. ट्रॅक्टरचा एक, पंपाचा एक, असं करत कानशीनं घासून घासून बसवले. मिस्त्रींची बायको, तिला मी काकू म्हणायचो, दुपारी भाकरी आणायची आणि गाडीकडे बघून म्हणायची, "ही सवत कवा जायची घरातनं?" येणारे-जाणारेही सोडत नसत. समोरच्या हॉटेलात बसणारा एक व्यापारी तर रोज विचारायचा, "आवं मिस्त्री, ह्या भंगारात जीव कवा येनार?" मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "आला की तुलाच पयला शिवंपातुर फिरवून आनतो."

त्यांची एक लकब होती. नट शेवटचा आवळताना ते डोळे मिटायचे. पाना धरलेलं मनगट हळूहळू फिरायचं आणि एका जागी थांबायचं. मी विचारलं, "इथंच थांबायचं हे कळतं कसं?"

"लोखंड सांगतंय की, आता बास. आपुन फकस्त ऐकायचं."

हे मी साताऱ्यात वर्गात सांगितलं. पोरं हसली. त्यांनी हसावं अशाच रीतीनं मी ते सांगितलं होतं. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याआधी गाडी सुरू झाली. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, ज्याला सगळे हेड म्हणतात, ते मिस्त्रींनी बसवलं, त्याचे दहा नट डोळे मिटून आवळले, आणि भोंग्यासकट सगळी गाडी बोलू लागली. मग गावातच ठरलं की दसऱ्याला संध्याकाळी शिवेवर सोनं लुटायला गाव निघेल तेव्हा पुढे ही गाडी जाईल आणि मिस्त्री ती चालवतील. मिस्त्रींनी बाहेर काही दाखवलं नाही. पण काकूंनी मला हळूच सांगितलं, "ह्यांनी नवा फेटा आनलाय. आन् मला म्हनत्यात, तू म्होरं बस. जल्मात कवा गाडीत बसवलं न्हाई, आन् आता म्होरं बस!" दोन वर्षं जो माणूस भंगार घासतो म्हणून गाव हसलं, तो त्या संध्याकाळी गावापुढे जाणार होता. त्यांच्या हाताची लाज आता त्या गाडीनं राखायची होती.

मी आदल्या दिवशी, खंडेनवमीलाच, औंधला पोचलो. येताना कॉलेजच्या प्रयोगशाळेतून एक उपकरण पिशवीत घालून आणलं होतं: नटाला किती जोर लागतोय ते काट्यानं दाखवणारा लांब पाना. मिस्त्रींचा अंदाज आणि माझं सूत्र जुळतं का बघायची मला खाज होती.

शेडमध्ये पूजा मांडली होती. सगळे पाने, हातोड्या, कानशी, पकडी रॉकेलनं धुऊन, लहानापासून मोठ्यापर्यंत घोंगडीवर ओळीनं ठेवलेल्या. प्रत्येकावर हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही, अडलं तर अडू द्यायचं. मिस्त्रींनी माझी पिशवी बघितली, पाना बाहेर काढला, उलटसुलट केला आणि सरळ घोंगडीवर ओळीत ठेवला.

"अहो, तो कॉलेजचा आहे," मी म्हणालो.

"मग? कालेजच्या हत्याराला द्येव न्हाई व्हय?" आणि त्यांनी त्यावरही कुंकू लावलं.

जेवणं झाल्यावर ते दोघं नैवेद्य घेऊन यमाईच्या डोंगरावर निघाले. जाताना म्हणाले, "सर, तेवढं शेडकडं ध्यान असू द्या."

मी ध्यान ठेवलं. किती वेळ ठेवलं म्हणाल, तर ते दोघं पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत.

मग मी घोंगडीवरून तो काट्याचा पाना उचलला. कुंकू रुमालानं पुसलं. बॉनेट उघडलं. नटाच्या जाडीवरून किती जोर लावायचा हे मी सूत्रानं काढून वहीच्या पानावर लिहूनच आणलं होतं. पहिल्या नटाला पाना लावला, तर मिस्त्रींनी आवळलेलं माझ्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तेवढेच कमी. ते सगळे नेमके तेवढेच कमी कसे, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला फक्त मी बरोबर आहे याचा आनंद झाला. चारही नट मी माझ्या आकड्यापर्यंत आवळले.

पाचव्याला काटा चढत गेला, चढत गेला आणि आकड्याच्या अलीकडेच थबकला. नट मात्र फिरतच राहिला. अगदी मऊ, लोण्यात सुरी फिरावी तसा. हाताखाली काहीतरी संपलं होतं. पन्नास वर्षांच्या त्या जुन्या ओतीव लोखंडातले आटे गेले होते. माझ्या सूत्रात लोखंडाचं वय धरायला जागाच नव्हती.

मी नट थोडा मागे घेतला, हाताला घट्ट लागेल असा ठेवला. बाकीच्या पाचांना शिवलो नाही. पाना घोंगडीवर होता तिथं ठेवला. मग ताटातलं कुंकू बोटावर घेऊन, मिस्त्रींनी लावलं होतं तसंच त्याच्या मुठीला लावलं आणि फूल सरळ केलं. यातलं मला सगळ्यात जास्त काय बोचतं सांगू? आटे गेले ते नाही. ते कुंकू मी किती निगुतीनं लावलं, ते.

ते डोंगरावरून आले, प्रसाद दिला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. माझं लाल बोट मी मुठीत लपवलं. त्याच क्षणी सांगितलं असतं तर? उद्याची पूजा होईपर्यंत हत्यार उचलता येत नव्हतं, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत आटे भरून झाले नसते. म्हणजे उद्याची मिरवणूक गेली असती, आणि मी पूजेतला पाना उचलला हे सांगावं लागलं असतं. राहील, टिकेल, एवढासा तर रस्ता, असं मी स्वतःला समजावलं. शिकलेला माणूस स्वतःला फार लवकर पटवतो.

दसऱ्याला गाडी झेंडूनं मढली होती. फेटा बांधलेले मिस्त्री चालवायला, शेजारी नव्या लुगड्यात काकू, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. मागे मी, तो हॉटेलातला व्यापारी आणि आणखी दोघं. पुढे हलगी, मागे गाव. काकू एकदाही वळून बघत नव्हत्या, पण त्यांच्या मानेवरूनही कळत होतं की त्या हसतायत.

शिवेजवळच्या चढावर ते झालं. इंजिनातून फुस्स आवाज आला, मग पांढरी वाफ बॉनेटच्या फटींतून उसळली. गाडी दोन गचके खाऊन थांबली. हलगी थांबली. माझ्या शेजारी बसलेला व्यापारी उतरता उतरता ओरडला, "मिस्त्री, ही गाडी हाय का च्याची किटली?"

गाव हसलं. वाईट नव्हतं ते हसणं, सणाचं हसणं होतं. पण मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे मी बघू शकलो नाही. त्यांनी वाफ निवू दिली, बॉनेट उघडलं आणि फडक्यानं एकेक नट चाचपला. पाचव्यावर बोट ठेवलं तर तो बोटानंच फिरला. ते कितीतरी वेळ तसेच वाकून उभे होते.

"काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"हेडचा नट. आटं गेल्यात." मग आपल्या उजव्या हाताकडे बघत ते म्हणाले, "म्याच आवळलावता. ह्याच हातानं."

लोक माझ्याकडे बघू लागले. मी सर होतो, शिकलेला होतो, माझा शब्द शेवटचा होता. मी म्हणालो, "असं असतं. या गोष्टी अंदाजानं करून चालत नाहीत. मोजून आवळायला हवं होतं."

हे मी बोललो. कुणी मला बोलायला लावलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी पाप अर्धं राहिलं असतं.

मिस्त्रींनी मान हलवली. "व्हय. बराबर हाय सरांचं." काकू उतरल्या आणि आपट्याची पानं हातात तशीच धरून घराकडे चालू लागल्या.

नंतर त्यांनी तो आटा भरून काढला, हेडखाली नवीन गास्किट घातलं, आणि नट आवळायच्या वेळी बाजूला सरले. "तुमच्या काट्यानं तुमीच आवळा." मी आवळले. कुठल्या आकड्याला? माझ्या नाही. नवमीला काट्यावर जो त्यांच्या हाताचा आकडा दिसला होता, त्या आकड्याला. ते शेजारी उभं राहून बघत होते, आणि म्हणाले, "आता कसं मोजून झालं."

गाडी मी साताऱ्याला नेली. पुढे माझी बदली सांगलीला झाली, गाडीही आली. औंधच्या बातम्या अधूनमधून कुणाकुणाकडून कळायच्या. मिस्त्री आता नट आवळला की दुसऱ्याला म्हणतात, जरा बघ रं, बसलाय का. मग कळलं, मोठी कामं ते वडूजला पाठवतात. मग कळलं, शेड बंद केली. वय झालं असेल, असं मी म्हणायचो. बायको माझ्याकडे बघायची, कारण मी ते फार घाईनं म्हणायचो.

सांगलीला एका उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिनातून ठोका येऊ लागला म्हणून मी खालचं चेंबर उघडलं. आत आठ नट होते. ते मिस्त्रींनी पहिल्या वर्षी आवळले होते आणि त्यानंतर त्यांना कुणी हात लावला नव्हता. एव्हाना माझ्याकडे स्वतःचा काट्याचा पाना होता. सोडताना सहज काट्याकडे बघितलं. पहिला ज्या आकड्याला सुटला त्याच आकड्याला दुसरा सुटला. तिसराही. आठही नट एका आकड्याला सुटले. काट्याला जे जमतं ते त्या मनगटानं डोळे मिटून केलं होतं, आणि वर्षानुवर्षं इंजिनाच्या धडधडीत ते तसंच राहिलं होतं.

मी जमिनीवर बसलो आणि रडलो. बायको बाहेर आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना सांगा."

पुढच्या रविवारी गाडी घेऊन औंधला गेलो. शेडमध्ये कांदा भरला होता. मिस्त्री दारात बसून नासके कांदे वेगळे काढत होते. गाडी बघून उठले, तिच्यावरून हात फिरवला, पण बॉनेट उघडलं नाही. काकूंनी चहा आणला. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं: पाना, पाच नट, कुंकू, शिवेवरचं माझं बोलणं.

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "कवा? आमी डोंगरावर गेलतो तवा?"

"हो."

"पूजेतनं उचलला?"

"हो."

काकूंनी कपबशा उचलल्या आणि आत गेल्या. मिस्त्री उजवा हात पुढे धरून बघत राहिले, त्या दसऱ्याला बघितला होता तसाच. "म्हंजी हात बराबर हुता," ते म्हणाले. "त्या सालापासनं म्या नवमीला हत्यारं मांडली न्हाईत, सर. म्हटलं, हातच खरा न्हाई तर पूजा कशाची?"

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "हितं नगं. हॉटेलाकडं चला. तितं सांगा."

मी गेलो. तोच व्यापारी बसला होता, आणखी पाचसहा जण होते. मिस्त्री म्हणाले, "सर काय सांगत्यात, ऐका." मी सांगितलं. काही गाळलं नाही. मग एकजण म्हणाला, "कुठली गाडी? ही बाहेर हाय ती व्हय? मला वाटलं कुनी सिनेमावालं आल्यात."

"दसऱ्याला शिवंवर बंद पडली हुती," मिस्त्री म्हणाले. "हा हसलावता. किटली म्हनलावता."

व्यापाऱ्यानं डोकं खाजवलं. "असंल बाबा. मी काय, रोजच हसतो की." आणि त्यानं आमच्यासाठी दोन चहा सांगितले.

परत येताना मिस्त्री माझ्या पुढे चालत होते. थांबून म्हणाले, "पाच वरसं म्या ह्या हॉटेलावरनं मान खाली घालून गेलो. आन् हितं कुनाच्या ध्यानातबी न्हाई." मला वाटलं होतं, चारचौघांत कबूल केलं की त्यांचं त्यांना परत मिळेल. पण ते गावाकडे नव्हतंच. ते मी नेलं होतं, आणि माझ्याकडेही परत द्यायला उरलं नव्हतं.

त्या वर्षी नवमीला त्यांनी बोलावणं पाठवलं. मी पोचलो तेव्हा कांदा हलवलेला होता, शेड सारवली होती. पोत्यातून काढलेली हत्यारं रॉकेलनं धुऊन घोंगडीवर ओळीनं मांडली होती. काही पान्यांवर गंजाचे डाग राहिले होते. माझ्या पिशवीतून त्यांनी काट्याचा पाना स्वतःच काढला, ओळीत ठेवला, बाकीच्यांना लावलं तसंच त्यालाही हळदीकुंकू लावलं आणि वर फूल ठेवलं. सगळं मिटलं असं मला वाटलं. मी म्हणालो, "तुम्ही दोघं डोंगरावर जाऊन या. मी इथं बसतो."

मिस्त्रींनी काकूंकडे बघितलं. काकूंनी नैवेद्याचं ताट झाकलं.

"नगं," ते अगदी मायेनं म्हणाले. "तुमीबी चला, सर. दर्शन घिऊ."

आम्ही बाहेर आलो. त्यांनी दार ओढलं, कडी घातली आणि खिशातून कुलूप काढलं. नवं होतं. लावून त्यांनी ते दोनदा ओढून बघितलं, किल्ली कमरेला खोचली, आणि मी त्यांच्या मागून पायऱ्या चढू लागलो.